माणशी दोन मुठी

भाकरी थापता थापता, शिलाई मशीनवर बसून, शेताच्या बांधावर किंवा गोठ्यात रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या सगळ्या ताई, वहिनी, काकू आणि आज्यांना नमस्कार. मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी बोलते ते हप्ता, वही, ठराव आणि बँकेचे कागद यांबद्दल. आज स्वयंपाकघरातलं बोलणार आहे. पण शेवटी बघा, विषय आपल्या गटाचाच निघेल.

आज आपण कडधान्यांची कोशिंबीर करायची आहे. घेवडा, चवळी आणि मोड आलेली मटकी यांची. तिच्यात दूध, दही, तूप, अंडं असं काहीही नाही, आणि तरीही ती भाकरीबरोबर पोटभर जेवण होते. मुंबई-पुण्याकडे हिला व्हीगन प्रोटीन सॅलड म्हणतात. नाव नवं असलं तरी वस्तू आपल्याला अनोळखी नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण आंबेडाळ करतो. आलेल्या बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालतो. त्यात कुठे दूध असतं, कुठे तूप असतं? बायकांनी बायकांना द्यायचं खाणं आपल्याकडे कडधान्याचंच होतं. ते वर्षातून एकदा न ठेवता आठवड्यातून तीन-चारदा ताटात यावं, एवढंच मला सांगायचं आहे.

आता कुणी म्हणेल, दूध-दही नको कशाला? घरात म्हैस आहे की. आहे, पण दूध सकाळीच डेअरीला जातं. उरलेलं चहाला आणि पोरांना. कोंबड्यांची अंडी आठवडी बाजाराला. मटण केलं तर ते कधीतरी रविवारी, आणि श्रावणात तेही नाही. मग घरातल्या बाईच्या ताटात रोज खात्रीनं येईल असं प्रथिन कोणतं? तर कडधान्य. तेही आपल्याच रानातलं. आपला सातारा जिल्हा घेवड्याचा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. माणदेशाच्या कोरड्या रानात मटकी, हुलगे, चवळी होतात. म्हणजे पिकतं आपल्याकडे. पण घेवडा पोत्यातून बाजाराला जातो आणि येताना पिशवीतून बिस्किटाचे पुडे घरी येतात.

मागे एका गटाच्या मासिक बैठकीत मी एक प्रश्न विचारला होता. काल घरात उसळ किंवा आमटी झाली असेल, तर तुमच्या स्वतःच्या ताटात दाणे किती आले? आधी सगळ्या हसल्या. हा काय प्रश्न झाला, म्हणाल्या. मग एकीनं सांगितलं, पोरं दाणे वेचून घेतात. दुसरी म्हणाली, मालक कामावरून येतात, त्यांना घट्ट वाढते. तिसऱ्या वहिनी म्हणाल्या, "ताई, मला रस्साच ग्वाड लागतो." आणि थोड्या वेळानं आपणच म्हणाल्या, "ग्वाड लागतो, का रोज तेवढाच उरतो म्हणून लागायला लागला, कुणास ठाऊक." त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. हा उसळीचा स्वभावच आहे. अचानक पाहुणा आला, की आपण तांब्याभर पाणी घालतो, चिमूटभर मीठ-चटणी टाकतो, एक उकळी काढतो. पाहुणा उपाशी जात नाही, घराची अब्रू राहते. पण पाणी वाढलं म्हणून दाणे वाढत नाहीत. पहिल्या पंगतीला डाव तळापर्यंत जातो, दाणे वर येतात. शेवटी बसणारीला पातेलं कलतं करून उरलेला रस्सा. ती भाकरी कुस्करते, वर रस्सा ओतते, पोट भरतं. भूक भागते, पण अंगाला काय मिळालं?

याचा हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये प्रमाण दिलं आहे. आपलं जेवढं वजन, त्यातल्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. पोटुशी असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर त्याहून जास्त. 100 ग्रॅम कोरड्या कडधान्यातून साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतून 6 ते 7 ग्रॅम. म्हणजे नुसत्या भाकरी-रश्श्यावर दिवसाची गरज भागवायची म्हटली, तर सात भाकऱ्या खाव्या लागतील.

शिवाय भाकरी आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यातला लायसिन नावाचा घटक ज्वारी-बाजरीत कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात मिथिओनिन कमी, ते धान्यात आणि तिळात बरं असतं. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती, पण भाकरीबरोबर उसळ आणि वर तिळाची चटणी हे त्यांनी बरोबर जमवलं होतं.

आता माप. आम्ही बैठकीत वजनकाटा आणला आणि प्रत्येकीनं मूठभर कोरडी मटकी त्यावर ठेवली. कुणाची मूठ 22 ग्रॅम, कुणाची 28. धरून चाला 25. माणशी दोन मुठी म्हणजे 50 ग्रॅम. चौघांचं घर असेल तर आठ मुठी, 200 ग्रॅम.

आणि इथेच थांबा. माणसं मोजताना आपण बोटं कशी घालतो? मालक, सासूबाई, दोन पोरं. झाले चार. अहो, पण करणारी कुठे गेली? उसळीत हे खपून जातं, कारण पाणी सगळं झाकून घेतं. कोशिंबीर पाण्यानं वाढत नाही. ती मापानंच करावी लागते. म्हणून मुठी मोजताना पहिली मूठ आपल्या नावाची घ्यायची, मग बाकीच्यांच्या.

चला, आता कृती. हे माप चौघांचं आहे, करणारी धरून चौघांचं. लिहून घ्यायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या.

घेवडा 100 ग्रॅम, म्हणजे चार मुठी. घेवडा नसेल तर राजमा चालेल. चवळी दोन मुठी, मटकी दोन मुठी. भाजून सोललेले शेंगदाणे 60 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी. भाजलेले तीळ एक मोठा चमचा. तिळाऐवजी जवस किंवा कारळे चालतील. एक कांदा, एक काकडी, एक टोमॅटो, असलंच तर एक गाजर. दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक मोठं रसदार लिंबू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. फोडणीला दोन चमचे तेल, मोहरी, हिंग आणि कढीपत्ता.

मटकीला मोड यायला वेळ लागतो, म्हणून तिची तयारी एक दिवस आधी. सकाळी भिजत घाला, संध्याकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड आले की ती झाकून गारव्याला ठेवा. त्या रात्री घेवडा आणि चवळी वेगवेगळ्या भांड्यांत, दाण्यांच्या तिप्पट पाण्यात भिजत घाला. सकाळी भिजवलेलं पाणी फेका. कडीपत्त्याच्या झाडाला घाला, तुळशीला घाला, पण शिजवायला नवं पाणी घ्या.

घेवडा नव्या पाण्यात आधी उघड्यावर दहा मिनिटं खळखळून उकळा, मग कुकरला पाच-सहा शिट्ट्या. हा भाग नीट ऐका. घेवडा आणि राजमा एकाच जातीचे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो. तो पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. नुसतं भिजवून किंवा मोड आणून तो जात नाही. मंद आचेवर कोमट पाण्यात ठेवूनही जात नाही. खळखळती उकळी लागतेच. म्हणून मोड आलेला राजमा कच्चा खायचा नाही, कुणी कितीही पौष्टिक म्हणून सांगो. शिजला का ते पाहायला एक दाणा बोटांच्या चिमटीत दाबा. आतून लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे, मध्ये कच्चट खडा राहता कामा नये, आणि साल मात्र शाबूत हवी. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा टाकू नका. सोड्यानं दाणा लगदा होतो आणि ब जीवनसत्त्वाचं नुकसान होतं.

चवळीला दोन शिट्ट्या पुरतात. मटकी चाळणीत घालून पाच-सात मिनिटं वाफवा. मोड कच्चेच खायची पद्धत आहे, पण मोड येताना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. म्हणून पोटुशी बाई, लहान मूल आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात वाफवूनच घ्या.

सगळे दाणे चाळणीत निथळा. खाली जो कट निघेल तो टाकू नका, संध्याकाळच्या आमटीला घाला. दाणे परातीत पसरा. पंख्याखाली पाच मिनिटं ठेवले की पाणी सुकतं. कोशिंबीर पचपचीत होण्याचं कारण हेच असतं, की दाणे ओले राहतात. दाणे कोमट असतानाच मीठ, जिरेपूड आणि वरून फोडणी घाला, म्हणजे चव आत मुरते. पूर्ण गार झाले की मगच लिंबू पिळा. गरमावर पिळलं तर लिंबातलं क जीवनसत्त्व कमी होतं, आणि आपल्याला ते हवं आहे. का, ते पुढे सांगते. शेंगदाण्याचं कूट जाडसर करा, दाताखाली आलं पाहिजे. कूट, तीळ, बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर हे सगळं जेवायला बसताना कालवा. आधी कालवलं तर काकडीला पाणी सुटतं. दह्याची उणीव कूट आणि लिंबू भरून काढतात.

आता शेवटची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. परात तशीच मधे ठेवू नका. जेवायला बसायच्या आधी चार वाट्या भरा. चार माणसं, चार वाट्या. तुमची वाटी झाकून बाजूला ठेवा. पाहुणा आला तर काकडी-टोमॅटो वाढवा, भाकरी वाढवा, कुटाची चटणी वाढा. झाकलेली वाटी तुमची.

या एका वाटीतून साधारण 14 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दहा-अकरा कडधान्याची, साडेतीन-चार शेंगदाणा-तिळाची. बरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या तर एका जेवणात दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त झालं. ना दूध, ना पावडरचा डबा.

आता लिंबाबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. तुमच्या गटात दहा जणी असतील, तर पाच-सहा जणी मनात धरा. कडधान्यात लोह असतं, पण ते शरीराला सहज लागू होत नाही. भिजवल्यानं, मोड आणल्यानं ते थोडं सुटतं आणि लिंबानं आणखी चांगलं शोषलं जातं. उलट, जेवल्या जेवल्या चहा घेतला तर लोह अडतं. म्हणून चहा जेवणानंतर तासाभरानं. मात्र आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या या कोशिंबिरीमुळे बंद करायच्या नाहीत. जेवण जेवणाच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. आणखी एक. कडधान्यात ब-12 जीवनसत्त्व नसतं. जी बाई दूध, दही, अंडी, मांस यांतलं काहीच घेत नाही, तिनं आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं. ज्यांना किडनीचा त्रास आहे, त्यांनीही प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

गॅस होतो, ही तक्रार मला हमखास ऐकायला मिळते. खरी आहे. सवय नसलेल्या पोटानं एकदम दोन मुठी घेतल्या तर पोट फुगणारच. पहिल्या आठवड्यात अर्धी मूठ घ्या, मग एक, मग दीड, मग दोन. मूग आणि मटकी पचायला हलकी, त्यांनी सुरुवात करा. भिजवायचं पाणी मधे एकदा बदला. हिंग विसरू नका, आलं किसून घाला. सासूबाईंना दात नसतील तर त्यांची वाटी पावभाजीच्या रगड्यानं चेचून द्या. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे आणि शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, त्यांनाही चेचूनच.

शेतावर डबा न्यायचा असेल, तर दाणे त्याच सकाळी शिजवलेले, नीट निथळलेले आणि लिंबू पिळलेले हवेत. कांदा-काकडी अख्खी न्या, तिथे चिरा. उन्हाळ्यात डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि न्याहारीलाच संपवा, दुपारवर ठेवू नका. वास आला, दाण्याला तार सुटली, तर बिनघोर टाकून द्या. फ्रीज असेल तर शिजवलेले दाणे दोन दिवस राहतात.

पैशाचं बोलू. भाव रोज बदलतो, म्हणून मी भाव सांगत नाही, हिशोब सांगते. माणशी 50 ग्रॅम, म्हणजे एक किलो कडधान्यात 20 वाट्या. किलोच्या भावाला 20 नं भागा. जे उत्तर येईल त्याच्या शेजारी बिस्किटाच्या पुड्याची किंमत लिहा आणि तुम्हीच ठरवा. आपल्या एका गटानं खरिपाचा घेवडा निघाल्यावर गावातल्याच शेतकऱ्याकडून एकत्र खरेदी केली, दहा जणींनी पाच-पाच किलो. चांगली दोन उन्हं दिली, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरून ठेवला. किरकोळ दुकानापेक्षा स्वस्त पडला आणि घरात होता म्हणून शिजला. वस्तू घरात असली की ती ताटात येते.

शेवटी, मी म्हटलं होतं की हा विषय गटाचाच आहे. कोणतीचा हप्ता चुकला तर आपण लगेच वही काढतो. का चुकला विचारतो. ती सांगते, चक्कर येत होती, चार दिवस खुरपायला गेले नाही, रोज बुडाला. आपण तो हप्ता पुढच्या महिन्यात चढवतो आणि वही मिटतो. पण तिच्या ताटात रोज काय कमी पडत होतं, ते आपल्या कुठल्याच वहीत नसतं. म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की प्रत्येकीनं सांगायचं, या आठवड्यात तिच्या स्वतःच्या वाटीत दाणे किती वेळा आले. एकदा, दोनदा, चारदा, जे असेल ते खरं. दंड नाही, कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त मोठ्यानं सांगायचं आणि वहीत लिहायचं.

घरात पहिल्या दिवशी कुणी म्हणेल, हे काय थंडगार पुढ्यात ठेवलंय. म्हणू द्या. फोडणीचा वास आणि दाण्याचं कूट आपलं काम करतं. पोरांच्या वाटीत थोडे कुरमुरे टाका, ती भेळ म्हणून खातील. आणि कुणी विचारलं, की आज रस्सा का नाही, तर सांगा, आज सगळ्यांना दाणे आहेत.

आज रात्री घेवडा भिजत घाला. माणशी दोन मुठी. पहिली मूठ कुणाची, ते तुम्हाला माहीत आहे.

काळजी घ्या, जेवून घ्या. नमस्कार.